चिकाचे अंगठे

मतं मोजायला बसण्याआधी हात धुवायचे, हा हार्लन क्रॉलीचा नियम, आणि तो त्याने खास माझ्यासाठी काढलेला. नोव्हेंबरात माझे हात काळे असतात. फरच्या झाडाच्या डहाळ्यांचा चीक साबणाला दाद देत नाही. आधी तेल चोळायचं, मग राख, मग साबण, आणि तरी अंगठ्याच्या रेषांत तो उरतोच. हार्लन गावाचा कारकून, निवडणुकीच्या दिवशी हॉलचा मालक. दर वेळी चष्म्यावरून माझ्या हातांकडे बघायचा आणि म्हणायचा, "अर्विला, बोटांना मतं चिकटवून घरी नेऊ नकोस हो." अठ्ठावीस वर्षं तोच विनोद. अठ्ठावीस वर्षं मी हसले नाही.

त्या वर्षीच्या मोजणीबद्दल मी आजवर कुणाशी धड बोलले नाही. शपथ घेतलेली होती. आता हार्लन गेला, हॉलचं छप्परही बसलं, तेव्हा शपथेला धरून ठेवण्यात काही अर्थ नाही.

माझी तोरणांची शेड होती. पूर्वी तिथे नवऱ्याची बोट ठेवायचो. त्याला समुद्राने नेलं नाही, सिगारेटने नेलं. बोट विकली, शेडमध्ये लोखंडी शेगडी आणि लांब बाक टाकला आणि बाकावर चौदा बायका बसवल्या. तिसरं कडक हिव पडलं की पुरुष रानातून डहाळ्या मोडून आणायचे. त्याआधी मोडल्या तर सुया गळतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बायका तारेच्या कड्यावर जुडी ठेवायच्या, तार फिरवायच्या, जुडी ठेवायच्या, तार फिरवायच्या. नाताळला शहरातल्या लोकांच्या दारावर जी गोल तोरणं दिसतात ती अशी होतात. पुरुष मोजे घालतात हातात. बायकांना मोजे घालून तार ओढता येत नाही, त्यामुळे चीक सगळा बायकांच्या वाट्याला.

डिसेंबरच्या मध्याला शेवटचा ट्रक बॉस्टनला गेला की शेगडी विझायची. जानेवारी ते एप्रिल आमच्या किनाऱ्यावर काही नसतं. एप्रिलनंतर ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, खणायच्या, ऑगस्टमध्ये ब्लूबेरीच्या कारखान्यात उभं राहायचं, आणि हिव पडलं की पुन्हा माझ्याकडे. आमच्या बायका वर्षाला तीन मालक करतात आणि तिघांपैकी एकही त्यांना हिवाळ्यात ओळखत नाही. मी ओळखत होते. मी बीन्सचं पातेलं पाठवत होते. पण पातेलं म्हणजे पगार नव्हे, हे मलाही कळत होतं.

त्या वर्षी ज्यावर मतदान झालं तो कायदा असा होता. तोवर आमच्यासारख्या हंगामी धंद्यांना बेकारी विम्याचा कर नव्हता, आणि म्हणून आमच्याकडच्या बायकांना हंगाम संपल्यावर भत्ताही नव्हता. राजधानीतल्या लोकांनी ठरवलं की हे बदलायचं. मालकाने दर हातामागे कर भरायचा, काम संपलं की बाईने भत्ता घ्यायचा, आणि जितक्या बायका भत्ता घेतील तितका मालकाचा पुढच्या वर्षीचा दर चढायचा. मी सहावीत शाळा सोडून सार्डिनच्या कारखान्यात कात्री हातात घेतलेली बाई, पण हे गणित मला पहिल्या झटक्यात कळलं. चौदाच्या चौदा घेणार. माझा दर ताडाच्या झाडावर जाणार.

मग शहरातून एक टाय लावलेला माणूस आला. मोठ्या मालकांनी पाठवलेला. म्हणाला, पुरेशा सह्या जमल्या तर हा कायदा लोकांच्या मताला टाकता येतो, आणि लोक तो काढून टाकू शकतात. किराणा दुकानाच्या दारात टेबल टाकून मी दोनशे अकरा सह्या जमवल्या. कुणी नको म्हटलं तर मी फक्त त्याच्याकडे बघायची.

कागदावरचा प्रश्न वाकडा होता. "हा कायदा रद्द करावा असं आपल्याला वाटतं का?" म्हणजे कायदा नको असेल तर 'हो' वर खूण करायची आणि हवा असेल तर 'नाही' वर. लोक गोंधळणार हे दिसतच होतं, म्हणून मी बाकाच्या डोक्याशी उभी राहून चौदाही जणींना नमुन्याच्या कागदावर शिकवलं. तीनतीनदा म्हणवून घेतलं. 'हो' म्हणजे कायदा गेला. 'नाही' म्हणजे कायदा राहिला, आणि कायदा राहिला तर पुढच्या हिवाला या दाराला कुलूप.

कुलूप नुसतं म्हटलं नाही. आणून खिळ्याला टांगलं. पितळेचं, बोटीवरचं जुनं.

व्हर्ली केट्स माझ्या वयाची, सार्डिनच्या दिवसांपासूनची. ती तार फिरवता फिरवता म्हणाली, "अर्विला, तू जिकडे म्हणशील तिकडे आम्ही. तुझ्याशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या मनात आलं, शिकवलं की शिकतात बाया.

एकटी रोवेना हसली नाही. रोवेना माझी मुलगी. चौदातली एक, आणि हाताने सगळ्यांत जलद.

रोवेनाचा नवरा एल्डन शिंपल्यांच्या बोटीवर होता. मार्चमध्ये दोरखंड ओढायच्या यंत्राने त्याचा खांदा उखडला. डॉक्टर म्हणाले होते की पुढच्या वसंतापर्यंत वजन उचलायचं नाही. एल्डन दिवसभर खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या बोटी कधी सुटल्या, कधी परतल्या ते सांगायचा. वाईट माणूस नव्हे. पण खिडकीशी बसलेला पुरुष घराला थंडी आणतो. त्याचा भाऊ कनेटिकटला होता. तो म्हणत होता, या, दोघांनाही कारखान्यात लावतो.

शनिवारी बीन्स खायला ती दोघं तिन्ही मुलींना घेऊन यायची. मतदानाच्या आदल्या शनिवारी एल्डन आला नाही. मुली टीव्हीपुढे बसल्या आणि रोवेना भांडी पुसायला माझ्या शेजारी उभी राहिली. तिने सरळ सांगितलं. कायदा राहिला तर जानेवारी ते एप्रिल तिला भत्ता मिळेल, तेवढ्यावर हिवाळा निघेल आणि वसंतात एल्डन बोटीवर जाईल. कायदा गेला तर शेवटच्या ट्रकच्या दुसऱ्या दिवशी ती कनेटिकटला जाणार. तिथे गेलेलं कुणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही. माझी दोन मुलं आधीच गेली होती. नाताळला कार्ड येतं, त्यात फोटो.

मी म्हणाले, हिवाळाभर माझ्याकडे राहा.

ती म्हणाली, "एल्डन तुझ्या घरात? आठवडाभरात तू त्याला बोलून बोलून मारशील, आई."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी तिला सुनावलं की आमच्या घरातल्या कुठल्याही बाईने सरकारपुढे हात पसरलेला नाही. माझ्या आईने चार मुलं पावासोबत काकवी खाऊन वाढवली. कर भरावा लागला तर शेड बुडेल, शेड बुडाली तर तू कुणाकडे काम करशील? मी हे सगळं कुणासाठी धरून बसले आहे? माझ्यानंतर शेड तुझीच ना?

तिने फडकं वाळत घातलं. "तू खरंच कुलूप लावशील?"

"मी बोलले की करते," मी म्हणाले. "तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि मुलींना कोट घालायला गेली.

मंगळवारी मतदान. सकाळी मी जाऊन मत देऊन आले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी चौदाही जणींना पिकअपच्या मागे बसवलं आणि हॉलवर पाठवलं. अर्ध्या तासाची मजुरीही कापली नाही. व्हर्ली तेलाच्या डब्याकडे वळली होती, हात पुसून घेते म्हणाली. मी तिला थांबू दिलं नाही. राजवाड्यात चालली आहेस का, म्हटलं. चल, बस.

रात्री आठला दार बंद झालं. मोजणीला दोघी दोघींच्या जोड्या असतात, एक या पक्षाची, एक त्या पक्षाची. माझी जोडी नेहमी ग्लेनिस फॉसशी. ती निवृत्त मास्तरीण. कपाळावर आठ्या घालून काड्या मारते, पाचवी काडी आडवी. मी मतपत्रिका उघडून वाचायची, तिने काडी मारायची, पन्नास झाल्या की गठ्ठा.

पहिल्या गठ्ठ्यात काही नव्हतं. दुसऱ्या गठ्ठ्यात सहावा की सातवा कागद उघडला तेव्हा तो बोटाला धरून राहिला. खालच्या कोपऱ्यात अंगठा उमटला होता. काळा, चिकट, रेषा न रेषा दिसत होती. दुमडलेली बाजू चिकटून जराशी फाटलीही. फरचा वास आला. मी खूण बघितली.

'नाही'.

"वाच ना," ग्लेनिस म्हणाली.

"नाही," मी वाचलं.

पुढचा साधा. त्याच्या पुढचा पुन्हा अंगठा. 'नाही'. मग दोन लागोपाठ. 'नाही', 'नाही'. मतपत्रिका पेटीत टाकल्या तशा एकावर एक बसल्या होत्या, पिकअपमधून उतरलेल्या रांगेत. एकीचा अंगठा लहान होता, एकीचा रुंद, एकीने पूर्ण हाताची कड टेकवली होती. रुंद अंगठा व्हर्लीचा. चाळीस वर्षं मी तो अंगठा कात्रीवर, तारेवर, पेल्यावर पाहिला आहे. 'नाही'. त्यांना चुकून झालं असेल म्हणायलाही जागा नव्हती. मीच शिकवलं होतं, तीनतीनदा.

"अर्विला, मोठ्याने वाच. मला ऐकू येत नाहीये."

"नाही," मी म्हणाले.

असे तेरा झाले. मी मोजत होते, आणि काडी मारणाऱ्या ग्लेनिसपेक्षा माझी मोजणी पक्की होती. मान ताठ ठेवली. मनात म्हटलं, बाक माझा, शेगडी माझी, पातेली माझी, आणि माझ्या तोंडावर हसून मागून हे. मग नियम आठवला. कुणाचं मत आहे ते ओळखू येईल अशी खूण कागदावर असेल तर तो कागद बाजूला काढायचा आणि हार्लनने निर्णय द्यायचा. हार्लन नियमाचा किडा. मी नुसतं बोट दाखवलं असतं, तर त्याने एकेक कागद उजेडात धरला असता. तेरा मतं पाचोळ्यासारखी गेली असती, तीही नियमाने. मी तोंड उघडलं. "हार्लन," म्हणालेसुद्धा.

तो दुसऱ्या टेबलावरून म्हणाला, "काय गं?"

बोलता बोलता मी पुढचा कागद उघडला होता. त्यावर अंगठा होता, आणि अंगठ्याच्या मधून पांढरी रेघ गेलेली होती, वरून खाली, तिरकी. रोवेना नऊ वर्षांची असताना तिसऱ्या खणायच्या कुदळीने तिचा अंगठा फाटला होता. मीच टाके घातले होते, साध्या दोऱ्याने, कारण डॉक्टर तीस मैलांवर आणि ओहोटी चालू होती. त्या जागी कातडी वर आली नाही आणि चीक तिथे बसत नाही.

खूण 'हो' वर होती.

"काय झालं, अर्विला?" हार्लनने पुन्हा विचारलं.

"काही नाही. दिवा जरा इकडे सरकव."

तेरा कागद काढायला लावले असते तर चौदावाही निघाला असता. मी तो वाचला, ग्लेनिसने काडी मारली, आणि तो गठ्ठ्यात गेला. साडेनऊला हिशेब लागला. आमच्या गावाने कायदा ठेवायचा कौल दिला, एकशे एक्काहत्तर विरुद्ध एकशे अठ्ठावन्न. माझ्या दोनशे अकरा सह्यांपैकी कितीतरी जणांनी टेबलापुढे एक केलं आणि पडद्याआड दुसरं. पण राज्याने आमच्या गावाचं ऐकलं नाही. सकाळी रेडिओवर सांगितलं की कायदा गेला. चांगल्या मोठ्या फरकाने गेला.

म्हणजे मी जिंकले.

सकाळी बायका आल्या. व्हर्लीने काकवीचे डोनट आणले होते. "घे, तुझ्या मनासारखं झालं," ती म्हणाली. तिच्या तोंडाकडे बघितलं, काही दिसलं नाही. चाळीस वर्षांची मैत्रीण तोंड बंद कसं ठेवते ते मला त्या दिवशी कळलं. मी डोनट घेतला आणि खाल्ला. काही बोलायचं तर शपथ मोडायची होती, आणि शपथ मोडून मी काय सांगणार होते? की तुमचे अंगठे बघितले?

रोवेना बाकाच्या टोकाला बसून जुड्या बांधत होती. मला वाटलं होतं की ती जाणार नाही. माझ्या बाजूने मत दिलंय म्हणजे तिने मनाशी काही ठरवलं असेल, एल्डनला समजावलं असेल. कुलूप मी खिळ्यावरून काढून खणात ठेवलं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बॉस्टनच्या व्यापाऱ्याचा फोन आला. दर तोरणामागे चाळीस सेंट कमी देणार. परवडत नसेल तर सीमेपलीकडून कॅनडाचा माल उचलतो म्हणाला. मी हो म्हटलं. चौदा बायकांनी बांधलेली तोरणं शेडमध्ये रचून ठेवलेली, दुसरं काय म्हणणार होते? नंतर पिठाच्या पिशवीवर हिशेब केला. तो कर बसला असता तर मला दर तोरणामागे अकरा सेंट पडले असते. अकरा सेंटसाठी मी दोनशे अकरा सह्या जमवल्या. चाळीस सेंटच्या वेळी टाय लावलेला माणूस आला नाही. ते पैसे मी मजुरीतून कापले. बायकांनी ऐकून घेतलं. कुणी जुडी फेकली नाही, कुणी रडलं नाही. तार फिरत राहिली.

शेवटचा ट्रक सोळा डिसेंबरला भरला. बायका गेल्यावर रोवेना मागे राहिली, बाक पुसायला. शेगडी विझत आली होती. ती तेलाचा डबा घेऊन हात चोळायला बसली. बराच वेळ चोळत होती. नेहमी आम्ही एवढं चोळत नाही, उद्या पुन्हा काळे व्हायचेच असतात. तेव्हा मला कळलं.

मी विचारलं, कधी?

उद्या सकाळी, ती म्हणाली. एल्डनने ट्रेलर भाड्याने आणलाय.

मग मला राहवलं नाही. शपथ मोडली, पण अर्धीच. म्हटलं, मला ठाऊक आहे तू कशावर खूण केलीस. कसं ते विचारू नकोस. भत्ता तुला हवा होता, तुझ्याइतकी गरज कुणाला नव्हती, मग 'हो' का?

तिने अंगठ्याकडे बघितलं आणि तिला कसं ते कळलं. हसली नाही, रागावलीही नाही.

"तू म्हणाली होतीस कुलूप लावशील. तू बोललीस की करतेस. व्हर्ली मावशी, बाकीच्या सगळ्या, यांना जायला कनेटिकटसुद्धा नाही, आई. माझा एक हिवाळा निघावा म्हणून तेरा जणींचं काम घालवू?" मग म्हणाली, "बाकीच्यांना वाटत होतं तू नुसतं बोलतेस. मी म्हटलं, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही."

शेगडीत लाकूड खाली बसलं.

मी कुलूप लावलं नसतं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण लावलं नसतं. शिव्या दिल्या असत्या, कर भरला असता, राजधानीत पत्र पाठवलं असतं, आणि तिसरं हिव पडलं की शेगडी पेटवली असती. तेरा जणींना ते कळलं होतं. तेरा परक्या बायका मला बरोबर ओळखत होत्या, आणि माझ्या पोटची एकटी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसली.

सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की पोरी, मी नुसतं बोलत होते. तोंडाशी आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर तिने स्वतःचा हिवाळा उगीच घालवला असं झालं असतं, आणि मी पितळेचं कुलूप उगीच टांगलं असंही. मी म्हणाले, "नखांत राहिलाय बघ अजून," आणि तिच्या हातावर थोडं तेल ओतलं.

सकाळी ट्रेलर गेला. मुलींनी मागच्या काचेतून हात केला. एल्डनने हॉर्न वाजवला, त्याला कशाचा आनंद झाला होता देव जाणे. मी दारातून आत आले आणि बीन्स भिजत घातल्या, सवयीने, सहा जणांच्या.

त्या हिवाळ्यात बाकावरचीच व्हर्लीची बहीण गेली, कनेटिकटलाच. मार्चमध्ये आणखी तिघी, दोघी मॅसॅच्युसेट्सला आणि एक कुठे ते मला माहीत नाही. पुढच्या हिवाला बाकावर नऊ जणी बसल्या. त्याच्या पुढच्या वर्षी चार. व्यापाऱ्याने चाळीस सेंटवर आणखी पंधरा कापले आणि मग फोन करणंच बंद केलं. कराचं पत्र आमच्याकडे आलं नाही, कारण कर नव्हता. शेवटी मी आणि व्हर्ली दोघीच बांधत होतो, चर्चसाठी, स्मशानासाठी. दोघींना चौदा जणींची शेगडी पेटवणं परवडत नाही, म्हणून माझ्या स्वयंपाकघरात बसायचो. शेडला कुलूप मी लावलं नाही. वाऱ्याने दार गेलं, त्यानंतर कुलूप लावायला काही उरलं नाही.

रोवेना दर रविवारी फोन करते. तिथल्या कारखान्यातून तिला दोनदा कमी केलं, दोन्ही वेळा भत्ता मिळाला. तिथे देतात. बरी आहे म्हणते.

चार वर्षांनी पुन्हा नोव्हेंबरात मतदान होतं, आमदार की काय. हार्लनने मला हात धुवायला सांगितलं. ग्लेनिसने पेन्सिलीला टोक काढलं. मी कागद उघडत गेले. पहिला गठ्ठा स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसराही. कागद बोटाला धरत नव्हते, भराभर होत होतं. शेवटच्या गठ्ठ्यात दोन डाग निघाले. एक माझा होता. दुसऱ्यावर रुंद अंगठा होता. मी तो हाताखाली झाकला, खूण तेवढी बघितली, वाचली आणि पुढचा कागद घेतला.